भरपाई मागणे सब्रच्या विरुद्ध आहे काय?

पावसाळा लागला की दुकानांच्या फरश्या दिवसभर ओल्या राहतात. गिऱ्हाइकांच्या चपलांबरोबर चिखल आत येतो, नोकर तो पुसत राहतो आणि त्या गुळगुळीत टाइल्सवरून कोणाचा तरी पाय घसरतो. बहुतेक वेळा माणूस उठतो, कपडे झटकतो, ओशाळून हसतो आणि चालू लागतो. परंतु कधी मनगट मोडते, कधी वृद्ध माणसाचे खुब्याचे हाड मोडते, आणि मग घरात प्रश्न उभा राहतो की दुकानदाराकडे नुकसानभरपाई मागावी काय? दीनदार घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. जे घडले ते अल्लाहच्या मर्जीने घडले. मग माणसाकडे त्याचा हिशेब मागणे सब्र आणि तवक्कुल यांच्या विरुद्ध तर होणार नाही?

घरी शिलाईकाम करणाऱ्या एका भगिनीने हा प्रश्न मला विचारला होता. कापडाच्या एका मोठ्या दुकानात ऐन गर्दीच्या वेळी फरशी पुसली जात होती. सूचनेचा फलक नव्हता, कोणी सावध केले नाही. ती पडली आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर, तितकेच दिवस शिवणयंत्र बंद. दुकानातल्या लोकांनी पाणी दिले, रिक्षा करून दिली आणि त्यापुढे चौकशीही केली नाही. घरात दोन मते पडली. दीर म्हणाले, ‘तकदीरमध्ये होते, सोडून द्या, पैसे मागत फिरणे आपल्याला शोभत नाही.’ कॉलेजात शिकणारा भाचा म्हणाला, ‘मामी, दुकान मोठे आहे, पाच लाखांची नोटीस पाठवू. मानेलाही मार लागल्याचे डॉक्टरांकडून लिहून घेता येईल.’ त्या भगिनीला दोन्ही सल्ले पटेनात, आणि तिचे मन बरोबर सांगत होते असे मला वाटते. दोन्ही सल्ल्यांत उणीव एकच होती. दीराच्या लेखी हक्क नावाची वस्तूच नव्हती आणि भाच्याच्या लेखी ती केवळ एक संधी होती.

प्रथम तकदीरचा मुद्दा घेऊ, कारण आपल्या घरांत अनेक हक्क याच एका शब्दाखाली पुरले जातात. हजरत उमर (रजि.) शाम देशाकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले. सल्लामसलत करून त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? हजरत उमर (रजि.) यांनी उत्तरादाखल एका खोऱ्याचे उदाहरण दिले. खोऱ्याची एक बाजू हिरवीगार आहे, दुसरी ओसाड. उंट कोणत्याही बाजूला चारा, ते तकदीरनेच होईल. हा प्रसंग सहीह बुखारीत आला आहे. पाय घसरणे तकदीर असेल, तर हाडाच्या डॉक्टरकडे जाणेही तकदीरच आहे आणि दुकानदाराच्या दारी जाऊन आपला हक्क सांगणेही. तकदीरवरील श्रद्धा दुःखी मनाला आधार देते. ती दुकानदाराच्या खांद्यावरची जबाबदारी उतरवत नाही. गंमत अशी की ‘तकदीर होती’ हे वाक्य बहुधा ज्याचे काहीच मोडलेले नसते, त्याच्या तोंडी येते.

आता कुरआन काय म्हणतो ते पाहू. सूरह निसाच्या 92व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येचा नियम आहे. मारणाऱ्याचा हेतू नव्हता, तरीही मृताच्या वारसांना दियत, म्हणजे भरपाई, द्यायची आहे. वारसांनी स्वतः ती सोडली तर गोष्ट वेगळी. हेतू नसणे आणि जबाबदारी नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते. परंतु अधिक विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. वारसांच्या सोडून देण्यासाठी आयतीत जे क्रियापद आले आहे, ते सदकाच्या धातूपासून बनले आहे. सूरह माइदाच्या 45व्या आयतीतही जखमांचा हक्क सोडण्याला सदकाच म्हटले आहे. आणि सदका माणूस स्वतःच्या मालकीच्या वस्तूतूनच देऊ शकतो. जे आपले नाहीच, ते दान कसे करणार? म्हणून क्षमेचा दर्जा मोठा मानणाऱ्याला त्याआधी हक्क खरा मानावा लागतो.

आपल्या भाषेतही याच्या खुणा आहेत. ‘हक्क’ अरबीतून मराठीत आला, ‘नुकसानभरपाई’तले नुकसानही. फिकहमध्ये भरपाईच्या जबाबदारीला ‘जमान’ म्हणतात आणि ती पत्करणाऱ्याला ‘जामिन’. कोर्टकचेरीत आपण रोज उच्चारतो तो ‘जामीन’ हाच.

मग ओल्या फरशीबाबत फिकह काय सांगते? अनेकांना आश्चर्य वाटेल, पण जवळजवळ हाच प्रश्न आपल्या ग्रंथांत आठशे वर्षांपूर्वी चर्चिला गेला आहे. फरगाना खोऱ्यातील इमाम बुरहानुद्दीन मरगीनानी (रह.), ज्यांचे निधन इ. स. 1197 मध्ये झाले, त्यांचा ‘हिदाया’ हा ग्रंथ आजही आपल्या मदरशांत शिकवला जातो. त्यात म्हटले आहे की रस्त्यावर पाणी ओतले किंवा शिंपडले आणि त्यामुळे कोणाला इजा झाली, तर ओतणारा जबाबदार आहे. दुकानासमोर मालकाच्या सांगण्यावरून कोणी पाणी शिंपडले, तर जबाबदारी सांगणाऱ्यावर येते, शिंपडणाऱ्यावर नाही. मात्र पाणी सांडले आहे हे दिसत असताना कोणी मुद्दाम त्यावरून चालत गेला आणि पडला, तर त्याला भरपाई नाही.

येथे एक अडचण आहे आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे नियम रस्त्याचे आहेत. हनफी फिकहमध्ये माणसाने स्वतःच्या मालकीच्या जागेत खड्डा खणला आणि त्यात कोणी पडले, तर त्याच्यावर सहसा जबाबदारी येत नाही, कारण आपल्या जागेत त्याने कोणाची मर्यादा ओलांडलेली नाही. दुकान तर मालकाची खाजगी जागा! परंतु आपल्या महाराष्ट्रात कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे आहेत, आणि त्यांच्या मसलकातील इमाम नववी (रह.) यांच्या ‘मिन्हाज’ या ग्रंथात या गाठीची उकल सापडते. कोणी आपल्या घराच्या देवडीत खड्डा खणला, मग एखाद्याला आत बोलावले आणि तो त्यात पडला, तर अधिक सबळ मतानुसार बोलावणारा भरपाईस बांधील आहे. रस्त्यावर टाकलेल्या कलिंगडाच्या सालीबद्दलही त्याच ग्रंथात भरपाई सांगितली आहे. आता विचार करा. दुकानदार पाटी लावतो, दिवे लावतो, सेलची जाहिरात करतो, ‘या ताई, बसा’ म्हणतो. गिऱ्हाईक हे बोलावलेले माणूस नाही तर काय आहे? माझ्या मते आजच्या दुकानाला देवडीचाच नियम अधिक लागू पडतो. हनफी वाचकांनी आपल्या प्रकरणात नेमका फतवा हवा असल्यास दारुल इफ्ताकडे सर्व तपशील लिहून पाठवावा.

हक्क आहे, हे ठरले. किती, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. जखम पूर्ण भरून आली आणि खूण राहिली नाही तर काय द्यावे, यावर हनफी इमामांत मतभेद झाला. इमाम अबू हनीफा (रह.) म्हणाले, आता काही देणे नाही. इमाम अबू यूसुफ (रह.) म्हणाले, सोसलेल्या वेदनेचा योग्य मोबदला द्यावा. इमाम मुहम्मद (रह.) म्हणाले, वैद्याचा खर्च द्यावा. गुरू एक बोलतो, त्याचे दोन महान शिष्य वेगळे बोलतात आणि तिन्ही मते एकाच पानावर आदराने नोंदवली जातात, हे मला मदरशात शिकताना फार भावले होते. तिघांच्याही नजरेसमोर खरी इजा आहे. कोणाच्याही मतात समोरच्याची ऐपत पाहून रक्कम वाढवण्याला जागा नाही. आजचे काही उलमा प्रत्यक्ष बुडालेली कमाईही भरपाईत धरतात. शिलाई करणाऱ्या बाईच्या बाबतीत मला ते न्याय्य वाटते.

सूरह अंबियात हजरत दाऊद (अलै.) आणि हजरत सुलैमान (अलै.) यांच्या निवाड्याचा उल्लेख आहे. रात्री मेंढ्या एका शेतात शिरल्या आणि पीक फस्त केले. तफसीरकार सांगतात की हजरत दाऊद (अलै.) यांनी मेंढ्याच शेतकऱ्याला द्यायचे ठरवले होते. हजरत सुलैमान (अलै.) यांनी सुचवले की मेंढपाळाने शेत पूर्ववत करून द्यावे आणि तोवर मेंढ्यांचे दूध व लोकर शेतकऱ्याने घ्यावी. मग ज्याचे त्याला परत. शेतकऱ्याचे गेले तेवढे भरून आले आणि मेंढपाळही उद्ध्वस्त झाला नाही.

भाच्याचा सल्ला या कसोटीवर टिकत नाही. न दुखलेली मान कागदावर दुखवणे म्हणजे खोटी साक्ष होय. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बजावले आहे की वादात एखादा आपली बाजू अधिक प्रभावीपणे मांडतो आणि निकाल त्याच्या बाजूने लागतो, परंतु त्या निकालाने भावाचा हक्क त्याच्याकडे आला असेल, तर त्याने आगीचा तुकडा घेतला. न्यायाधीशाच्या सहीने हराम हलाल होत नाही. ‘पैसे तर विमा कंपनी देणार’ ही सबबही चालणार नाही, कारण खोटे बोलणारी जीभ आपलीच राहते. दुकानदार मुसलमान नसला, तरी यात तसूभर फरक पडत नाही.

खऱ्या हक्कासाठी मात्र देशाच्या कायद्याचे दार ठोठावण्यात काही कमीपणा नाही. आधी दुकानदाराला प्रत्यक्ष भेटावे, दवाखान्याची बिले दाखवावीत, लेखी पत्र द्यावे. बहुतेक गोष्टी येथेच मिटतात. न मिटल्यास ग्राहक म्हणून 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे आणि वकील सक्तीचा नाही.

आता क्षमेकडे वळतो. सूरह शूराच्या 40व्या आयतीत क्षमा करून समेट करणाऱ्याचे बक्षीस अल्लाहच्या जिम्मेदारीवर असल्याचे सांगितले आहे. याहून मोठे आश्वासन कोणते? म्हणून ज्याला शक्य आहे त्याने अवश्य सोडावे, विशेषतः समोर छोटा दुकानदार असेल आणि तो मनापासून दिलगीर असेल तेव्हा. परंतु सोडायचे कोणी? ज्याचा हात मोडला त्याने. दीरांनी भावजयीच्या मनगटाचा सदका करू नये. जमातीतील वजनदार मंडळी दुकानदाराच्या ओळखीपोटी एखाद्या विधवेला बसवून ‘माफ केले म्हण’ असे वदवून घेतात, तेव्हा माफी झालेली नसते. दुसऱ्याच्या खिशातून दान केलेले असते. ज्या बाईच्या शिलाईवर मुलांच्या शाळेची फी चालते, तिने आधी घराचा विचार केला म्हणून तिला कोणी कमी सब्रवाली समजू नये. ज्यांचा उदरनिर्वाह आपल्यावर आहे, त्यांच्यापासून खर्चाची सुरुवात करावी, ही प्रेषितांचीच (सल्ल.) शिकवण आहे. सब्र तिने त्या सहा आठवड्यांत केलेच होते. एका हाताने पोळ्या लाटताना.

आपल्या वाचकांत दुकानदारही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हदीसमधील एक ताकीद आहे की ज्याने कोणाचा हक्क मारला असेल, त्याने दीनार आणि दिरहम चालणार नाहीत असा दिवस येण्यापूर्वीच त्यातून मोकळे व्हावे. गिऱ्हाईक पडले तर त्याच्या नोटिशीची वाट कशाला पाहायची? संध्याकाळी घरी जाऊन विचारपूस करावी, दवाखान्याचे बिल मागून घ्यावे. आणि फरशी पुसणाऱ्या पोऱ्याच्या पगारातून ते पैसे कापू नयेत. त्याने मालकाच्या सांगण्यावरून पाणी मारले होते, आणि अशा पाण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर असते, हे ‘हिदाया’त आपण वर पाहिलेच.

जाता जाता मशिदींच्या विश्वस्तांनाही एक विनंती. बाजाराच्या फरश्यांविषयी इतके लिहिल्यावर आपल्या वजूखान्यांकडे पाहिल्याविना राहवत नाही. मृगाचा पाऊस पडला की तेथे हिरवे शेवाळ धरते, फजरच्या अंधारात सत्तरी ओलांडलेले बुजुर्ग अनवाणी येतात आणि धरायला साधा नळाचा पाइपही नसतो. भिंतीला एक लोखंडी दांडा, एक चांगला दिवा आणि दर जुम्याआधी ब्लीचिंग पावडर, एवढे मे महिन्यातच करून घ्यावे.