रसना आणि उपवास



श्रींच्या दर्शनास येणारे बहुसंख्य भाविक काही ना काही व्रत अंगीकारून येतात. कोणाचा गुरुवार असतो, कोणाची एकादशी, तर कोणी चातुर्मासात एकभुक्त राहतात. संस्थानच्या कार्यालयात देणगीच्या पावत्या लिहिता लिहिता या व्रतांच्या हकिगती सहजच कानी पडतात. त्यांतील एक हकिगत वारंवार ऐकू येते. "दिवसभर कडक पाळले हो, पण रात्री काय झाले ते कळलेच नाही!" सांगणारा हे हसून सांगतो, परंतु आवाज खाली आणून सांगतो. प्रस्तुत लेखकास त्या खाली आलेल्या आवाजाची चांगलीच ओळख आहे. अनेक वर्षे तो आवाज त्याचा स्वतःचाच होता.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आला आहे. या अवधूतास परंपरेने श्रीदत्तात्रेय मानले आहे. त्याने केलेल्या चोवीस गुरूंपैकी एक मासा होय. गळाला लावलेल्या आमिषाच्या मोहाने मासा प्राणास मुकतो, म्हणून जिभेला आवरावे, इतका भाग आपण कीर्तना-प्रवचनांतून ऐकलेला असतो. परंतु आठव्या अध्यायात त्याच ठिकाणी अवधूत आणखी एक गोष्ट सांगतो आणि तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. निराहार राहिल्याने इतर इंद्रिये लवकर ताब्यात येतात, एक रसना मात्र येत नाही. अन्न तोडले की तिची ओढ उलट वाढत जाते, असे तो सांगतो. संत एकनाथ महाराजांनी याच स्कंधावरील आपली मराठी टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीक्षेत्री पूर्ण केली. तिची पारायणे घरोघर होतात. प्रस्तुत लेखकानेही ती केली होती, आणि करूनही हा मुद्दा त्याच्या ध्यानी आला नव्हता.

त्याचे घडत असे ते असे. गुरुवारी पहाटेपासून केवळ चहा. दुपारी महाप्रसादाच्या पंगतींची व्यवस्था पाहावयाची, पण स्वतः पानावर बसावयाचे नाही. सायंकाळी पालखी, रात्री शेजारती, मग दानपेटीच्या किल्ल्या जागच्या जागी ठेवून घरी. घरी सर्व निजलेले. स्वयंपाकघरात दिवाही न लावता डबा उघडावयाचा. प्रथम एक लाडू, मग दुसरा, मग शिळी पोळी साखर लावून, मग हाताला लागेल ते. भूक केव्हाच शमलेली असे, पोट तडस लागून दुखत असे, तरी हात थांबत नसे. चवीचा तर प्रश्नच नव्हता. नंतर अंथरुणावर पडल्यावर जी लाज वाटे तिचे वर्णन करणे कठीण आहे. त्या लाजेतून दुसऱ्या दिवशी निश्चय होई की आता याहून कडक उपवास करावयाचा, शुक्रवारीही काही खावयाचे नाही. पुढच्या रात्री पुन्हा तेच.

रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी जेवणाच्या वेळा विचारल्या. प्रथमच कोणापाशी हे सारे बोलावे लागले. त्यांनी उपदेश केला नाही, एक हकिगत सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांचा अभ्यास केला. त्या तरुणांच्या मनात दिवसरात्र अन्नाचेच विचार येऊ लागले. आणि पुरेसे अन्न मिळू लागल्यानंतरही त्यांच्यातील काही जण पोट फुटेस्तोवर खात, तरी त्यांचे समाधान होत नसे. "ही माणसे काही अधाशी नव्हती," डॉक्टर म्हणाले, "उपाशी ठेवलेले शरीर असेच वागते." अवधूताने माशाकडून घेतलेला बोध त्या दिवशी दवाखान्यात कळला.

अशा अनावर खाण्यास अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली स्वतंत्र विकार म्हणून आपल्या सूचीत स्थान दिले. थोड्या अवधीत फार मोठ्या प्रमाणात खाणे, खाताना आपला ताबा सुटला आहे असे वाटणे, भूक नसताना व घाईघाईने खाणे, इतरांपासून लपवून खाणे, नंतर स्वतःचा तिटकारा येणे ही त्याची लक्षणे होत. असे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने घडत राहिल्यास तो विकार समजतात. सणावारी दोन पुरणपोळ्या जास्त झाल्या, तर ते यात येत नाही. प्रत्येकाच्या बाबतीत याचे मूळ उपवासातच असते असेही नाही. दुःख, एकाकीपणा, चिंता यांतूनही हात डब्याकडे जातो.

आपल्या शास्त्रकारांनी कधी उपाशी राहण्याची भलावण केली आहे काय? गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्यास आणि मुळीच न खाणाऱ्यास, दोघांसही योग साधत नाही असे एकाच श्वासात सांगितले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात 'विषमाशन' नावाचा दोष सांगितला. त्यात अवेळी खाणे, फार खाणे आणि फार कमी खाणे ही तिन्ही एकाच नावाखाली येतात. तैत्तिरीय उपनिषदात 'अन्न' शब्दाची फोड करताना म्हटले आहे की प्राणी ज्याला खातात ते अन्न, आणि जे प्राण्यांना खाते तेही अन्नच. रात्री अंधारात डब्यासमोर उभे राहिलेल्या माणसास या दुसऱ्या अर्थाचे भाष्य लागत नाही.

याचा अर्थ व्रते सोडावीत असा नव्हे. 'उपवास' म्हणजे देवाच्या जवळ राहणे. पण दिवसभर मन फोडणीच्या वासाजवळच राहिले तर ते देवाजवळ कसे म्हणावे? 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली, त्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता. शिवाय साबुदाणा हा बहुतांशी निव्वळ पिष्ट. तो तुपात, शेंगदाण्याच्या कुटात आणि बटाट्यासह रिकाम्या पोटी वाटी-वाटीने खाणाऱ्या मधुमेह्याने आपण उपाशी आहोत असे समजू नये. मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून लंघन करू नये, साखर एकाएकी खाली जाऊन मूर्च्छा येऊ शकते. असे भाविक दर्शनरांगेत कोसळल्याचे प्रसंग कार्यालयाने पाहिले आहेत.

मग उपाय काय झाला? पहिला उपाय सौभाग्यवतींनी केला. त्यांना सर्व ठाऊक होते, हे लेखकास ठाऊक नव्हते. एका गुरुवारी त्या एवढेच म्हणाल्या, "ताट वाढून झाकून ठेवले आहे. दिवा लावून, पाटावर बसून जेवा." त्या रात्री वरण-भात, भाजी आणि ताक असे जेवण झाले. चित्राहुती घातल्या, प्राण, अपान, व्यान, उदान, समान यांचे पाच घास सावकाश घेतले. लहानपणी मुंजीत शिकलेल्या या विधीचे प्रयोजन पन्नाशीत उमगले. तोंडात घास जाण्याआधी हात थोडा वेळ थांबतो, आणि त्या थांबण्यात आपण खात आहोत याचे भान येते. उभ्याने, अंधारात, डब्यातून खाणाऱ्यास ते भान येण्यास जागाच नसते.

दुसरा उपाय डॉक्टरांचा. सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण, चारच्या सुमारास काहीतरी खाणे आणि रात्रीचे जेवण, हे सर्व ठरल्या वेळी, भूक असो वा नसो. गुरुवारीसुद्धा. गुरुवारचे व्रत आता मौनाचे आहे, दुपारी बारा ते चार. (कार्यालयातील सहकाऱ्यांना हे व्रत पूर्वीच्या व्रताहून अधिक आवडले असे दिसते.)

तरीही चूक घडली नाही काय? घडली, अनेकदा. एका दत्तजयंतीच्या रात्री पेढ्यांचे अर्धे खोके संपले. फरक एवढाच पडला की दुसऱ्या दिवशी लंघन न करता नेहमीच्या वेळी न्याहारी केली. हेच सर्वांत कठीण गेले. चुकीची शिक्षा म्हणून उपास करणे मनाला धर्मासारखे वाटते, पण तोच गळ पुढच्या रात्रीसाठी पुन्हा पाण्यात सोडलेला असतो. चंचल मन अभ्यासाने आणि वैराग्याने वश होते असे गीता सांगते. आपण वैराग्याकडे धावतो आणि अभ्यास, म्हणजे तीच साधी गोष्ट रोज पुन्हा करणे, मागे राहतो.

ज्यांचा हा त्रास घरच्या उपायांनी आटोक्यात येत नाही, किंवा जे खाल्ल्यावर मुद्दाम ओकारी काढतात, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास लाजू नये. बोलण्यातून करावयाचे उपचार यावर गुणकारी ठरले आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.

अन्नदात्या यजमानांस एक विनंती. पंगतीत आग्रह करून वाढणे ही आपली जुनी रीत आणि तिच्यामागे प्रेमच असते. परंतु पानावर बसलेल्या कोणाचा कोणता लढा चालू आहे हे वाढणाऱ्यास दिसत नाही. म्हणून महाप्रसादगृहात "आणखी एक, आमच्यासाठी" असा आग्रह करू नये असे सेवेकऱ्यांस सांगितले आहे, यजमानांनीही ते पाळावे. पक्वान्नाऐवजी साध्या वरण-भात-भाजीची पंगत देऊ इच्छिणाऱ्यांनी तसे पावतीवर लिहून द्यावे. ज्यांना गोड वर्ज्य आहे किंवा थोडेच वाढून हवे आहे, त्यांनी पंगत बसताना सेवेकऱ्यास सांगावे. त्यांच्या पानात तेवढेच वाढले जाईल आणि कारण कोणी विचारणार नाही.