परतीचे डिझेल



काही दिवसांपूर्वी मारुंजीतील एका कुटुंबाच्या नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. अकरावा मजला. गॅलरीतून हिंजवडीच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती दिसत होत्या. नवरा-बायको दोघेही संगणक क्षेत्रात नोकरीला, घरात चार वर्षांची मुलगी. मुलाचे वडील वसईच्या किनाऱ्यावरून मुद्दाम आले होते. त्यांनी आयुष्याची चाळीस वर्षे समुद्रावर काढली, त्यातली निम्मी तांडेल म्हणून.

प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडून झाले, चहा आला. मुलगा उत्साहाने बोलत होता. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, होऊ घातलेली बढती, परदेशी जाण्याची संधी. रात्रपाळीमुळे रविवारची मिस्सा चुकते, मुलगी बहुधा झोपलेलीच दिसते, हेही तो हसत हसत सांगून गेला. म्हातारे मान खाली घालून ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पोरा, परतीचं डिझेल ठेवलंयस ना?"

मुलगा गप्प झाला. मला मात्र प्रश्नाचा अर्थ कळला नाही. तेव्हा त्यांनी जे सांगितले, ते त्या घरच्यांच्या परवानगीने आज आपल्यापुढे ठेवतो.

वसई, अर्नाळा, उत्तन या भागांतील कोळी बांधव लहान यांत्रिक बोटी घेऊन कित्येक दिवसांच्या फेरीवर जातात. बोटीची ओळख इंजिनाच्या सिलिंडरवरून असते: ही दोनची, ती चारची, ती सहाची. निघण्यापूर्वी बर्फ फोडून खणात भरायचा, डिझेल भरायचे, पिण्याच्या पाण्याची पिंपे, तांदूळ, मसाला, चहापत्ती घ्यायची. नव्या हंगामात फादरांना बोलावून बोटीला आशीर्वाद द्यायचा. उत्तनला तर चर्चच समुद्रमातेच्या नावाचे आहे. मग किनारा मागे पडतो आणि आठ-दहा दिवस फक्त पाणी आणि आकाश.

"फादर," म्हातारे म्हणाले, "डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं, आपल्या घाईवर नाही. उधाणाला ओढ असते, भांगाला ती मंदावते. थांबावं लागतं. पण थांबलं तरी दोन गोष्टी थांबत नाहीत. बर्फ वितळतच असतो आणि डिझेल कमी होतच असतं. नवशिक्या तांडेल खणाकडे बघून ठरवतो की आता परतायचं का. जुना तांडेल डिझेलकडे बघतो."

मी विचारले, "म्हणजे निम्मे संपले की परतायचे?"

ते हसले. "निम्म्याला परतलात तर घरी पोचणार नाही. जाताना बोट हलकी असते, येताना मासळीनं भरलेली. वारा तोंडावर आला तर इंजिन आणखी पितं. म्हणून परतीचं डिझेल निम्म्याहून जास्त ठेवायचं. आणि ते आपलं नसतंच. घरी वाट बघणाऱ्यांचं असतं. समोर कितीही मासळी दिसली तरी त्याला हात लावायचा नाही."

पुढे त्यांनी २००९ सालच्या नोव्हेंबरची एक फेरी सांगितली. खण अर्धाही भरला नव्हता. बर्फाचे आणि डिझेलचे पैसे उधार होते. पण दक्षिणेकडून येणारी लाट त्यांना वेगळी वाटली, वायरलेसवरही कुजबुज सुरू झाली. त्यांनी बोट वळवली. खलाशी चिडले. एका तरुण खलाशाने तर तोंडावर म्हटले, "तांडेल, तुम्ही म्हातारे झालात." बोट खाडीत शिरली तेव्हा वारा पडलेला होता, समुद्र शांत दिसत होता. सगळे त्यांना हसले. त्यानंतर ११ नोव्हेंबरला 'फयान' चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले. कोकणातील अनेक मच्छीमार त्या वादळातून घरी परतले नाहीत.

"त्या फेरीत मला तोटा झाला," म्हातारे म्हणाले. "फेडायला सहा महिने लागले. पण खणात मासळी अर्धी असली तरी बोटीत माणसं सातच्या सात होती."

बंधू-भगिनींनो, हे ऐकताना मला 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय आठवला. घरी गेल्यावर तो जरूर वाचा. कैदी असलेल्या संत पौलाला जहाजाने रोमला नेत आहेत. जहाज सिदोनहून सायप्रसच्या आडोशाने, किनाऱ्याकिनाऱ्याने मुर्‍यापर्यंत जाते. तेथे दुसरे जहाज मिळते. क्रेतातील 'सुंदर बंदर' नावाच्या ठिकाणी पोचेपर्यंत खूप दिवस गेलेले असतात. उपवासाचा सण उलटून गेलेला असतो, म्हणजे समुद्र बंद होण्याचे दिवस आलेले असतात. आपल्या किनाऱ्यावरही समुद्राला बंद होण्याचे दिवस आहेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. पौल इशारा देतो की पुढे जाऊ नका. पण शताधिपती जहाजाच्या मालकाचे ऐकतो. बंदर हिवाळा काढायला सोयीचे नाही, थोडेच पुढे चांगले बंदर आहे, असे बहुतेकांना वाटते. आणि नेमका तेव्हाच दक्षिणेचा मंद, सुखद वारा सुटतो.

तो मंद वारा लक्षात ठेवा. जहाज वादळाने फसवले नाही. ते फसवले त्या सुखद वाऱ्याने. आपल्या आयुष्यातही असेच होते. कोणी ठरवून घरादारापासून दूर जात नाही. 'एवढा एक प्रकल्प संपू दे', 'एवढा एक हप्ता फिटू दे', 'एवढा एक ओव्हरटाइम करतो' असा मंद वारा सुटतो आणि किनारा कधी दिसेनासा झाला ते कळतही नाही. हिंजवडीच्या संगणकासमोर बसणारा असो की चाकणच्या कारखान्यात तीन पाळ्यांत उभा राहणारा असो, वारा तोच आहे.

मग वादळ येते. माल समुद्रात टाकावा लागतो, तिसऱ्या दिवशी जहाजाचे सामानही. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. चौदाव्या रात्री खलाशी दोर सोडून पाण्याची खोली मोजतात. वीस वाव भरते, थोडे पुढे पंधरा वाव. जमीन जवळ आली आहे, पण खडकांची भीती आहे. काही खलाशी लहान होडीतून एकटेच निसटू पाहतात. पौल त्यांना अडवतो, कारण हे जहाजात राहिले नाहीत तर कोणीच वाचणार नाही. उजाडायच्या सुमारास तो भाकर घेतो, सर्वांसमोर देवाचे आभार मानतो, ती मोडतो आणि खाऊ लागतो. मग सर्वांना धीर येतो. शेवटी जहाज फुटते, गहू समुद्रात जातो, पण २७६ माणसांपैकी एकही बुडत नाही. सारी मिळकत गेली आणि माणसे सारी वाचली, हा देवाचा हिशोब आहे.

याचा अर्थ समुद्रावर जाऊच नये असा घेऊ नका. बोट किनाऱ्यावर ओढून ठेवली तर तिच्या फळ्या सुकून फटी पडतात. प्रभू येशूने स्वतः पेत्राला खोल पाण्यात जायला सांगितले. आपली नोकरी, आपले कष्ट, मुलांसाठी घर बांधण्याची आपली धडपड ही देवाला प्रिय आहेत. आपल्यापैकी बहुतेक जण वसईहून, अहिल्यानगर जिल्ह्यातून, गोव्यातून पोटासाठीच इथे आलो. खोल पाण्यात जाणे हे पाप नाही. परतीसाठी काहीच न ठेवता जाणे, हा मात्र धोका आहे.

परतीचे डिझेल म्हणजे काय? दिवसाच्या शेवटी बायकोचे बोलणे ऐकून घेण्याइतके उरलेले त्राण. मुलगी जागी असताना घरात असणे. गावी असलेल्या आईवडिलांना पैशांबरोबर दिलेला वेळ. आणि रविवारची मिस्सा. उरलेल्या थेंबांवर आपण देवाकडे पोचू असे आपण धरून चालतो. पण म्हाताऱ्या तांडेलाचे शब्द आठवा: येताना बोट जड असते. थकवा असतो, पश्चात्ताप असतो, वारा तोंडावर असतो. परतायला निघण्यापेक्षा जास्त बळ लागते.

आणि परतायचे कोणाकडे, हेही शुभवर्तमान सांगते. पुनरुत्थानानंतर शिष्य रात्रभर मासेमारी करून पहाटे किनाऱ्याकडे येतात. जाळ्यात १५३ मोठे मासे आहेत. पण किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांना काय दिसते? निखारे पेटलेले आहेत, त्यांवर मासळी आहे, भाकर आहे. प्रभूने त्यांच्या मासळीची वाट पाहिली नव्हती. तो त्यांचीच वाट पाहत होता, आणि न्याहारी तयार होती. आपले खण भरलेले असोत की अर्धे, या वेदीवर दर रविवारी तीच भाकर आपल्यासाठी मोडली जाते.

त्या घरातून निघताना मुलगा मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "फादर, हप्ता तर भरावाच लागेल." मी म्हटले, "भरावाच लागेल." त्याला तोड माझ्याकडे नव्हती. पण गेल्या रविवारी तो मागच्या बाकावर दिसला. रात्रपाळीचे डोळे लाल होते आणि मुलगी त्याच्या खांद्यावर झोपली होती. पुढच्या रविवारी दिसेल की नाही, सांगता येत नाही. बोट वळवायला वेळ लागतो. आपण त्याच्यासाठी आणि एकमेकांसाठी प्रार्थना करू.

या आठवड्यात रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारू या: आज मी किती डिझेल जाळले? परतीचे किती ठेवले? घरी कोण वाट पाहत आहे?

हे प्रभू येशू, तू वादळाला शांत केलेस आणि किनाऱ्यावर निखारे पेटवलेस. समुद्रावर असलेल्या सर्व कोळी बांधवांना सुखरूप घरी आण. रात्रपाळीत जागणाऱ्या आमच्या भावंडांना सांभाळ. मासळी समोर दिसत असतानाही बोट वळवण्याचे धैर्य आम्हाला दे. समुद्रमाता मारिये, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.