पंगतींतलें हास्य

ज्या ग्रंथमालेनें मनाला आनंद दिला ती तींतील उपहासामुळें टाकावी काय, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. पण त्यांत रसिकता आणि नीति ह्यांचा जुनाच तंटा आहे. बेल्जियन चित्रकार एर्जे (१९०७–१९८३) ह्याची 'टिनटिन' ही चित्रकथामाला त्याचें ठळक उदाहरण होय. तिच्या रेषेचा स्वच्छपणा व कथेचा वेग कोणीही नाकारणार नाहीं. परंतु १९३०–३१ सालीं क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'काँगोंतील टिनटिन' ह्या कथेंत बेल्जियमच्या ताब्यांतील त्या देशाचे रहिवासी जाड ओठांचे, आळशी, बालबुद्धीचे व एका गोऱ्या पोरापुढें लोटांगण घालणारे असे रंगविले आहेत.

'काळच तसा होता,' असें ह्यावर समर्थन केलें जातें. आम्हांस तें पटत नाहीं. १९३४ सालीं एर्जेची झांग चोंगरेन ह्या चिनी कलाविद्यार्थ्याशीं ओळख झाली आणि 'नीलकमल' ह्या कथेंत त्यानें चिनी मनुष्य माणूस म्हणून रेखाटला. जपानी मात्र विद्रूपच राहिले. तीन-चार वर्षांत काळ पालटला नव्हता. ज्याच्याशीं स्नेह जडला तेवढ्याचा चेहरा दिसूं लागला, इतकेंच. पुढें गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणाऱ्या १९५८ च्या कथेंतहि आफ्रिकी यात्रेकरूंच्या तोंडीं मोडकी भाषाच आली.

दुसरा आक्षेप असा कीं, ह्या निकषानें विनोदच उरणार नाहीं. परंतु दोषाला हसणें वेगळें आणि जन्माला हसणें वेगळें. कृपणाला कृपणता टाकतां येते. कोणालाहि आपली कातडी टाकतां येत नाहीं. हास्य ही एक पंगत आहे. शेजारीं बसलेल्या काँगोच्या मुलासमोर जें पान मोठ्यानें वाचवत नाहीं, त्यावर एकट्यानें हंसण्यांत त्याला पंगतींतून उठविल्याचेंच पाप आहे.

ह्याचा अर्थ आम्ही बंदी मागतों असा नव्हे. तशी मागणी ब्रुसेल्सच्या न्यायालयानें २०१२ सालीं फेटाळली, तें योग्यच झालें. बंदी दुसऱ्याच्या विवेकावर अविश्वास दाखविते. त्याग हा स्वतःच्या विवेकाचा निर्णय असतो. म्हणून ही माला आम्हीं सोडली आहे. तींत आमची हानि आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जें सोडतांना कांहींच गमवावें लागत नाहीं, त्याच्या त्यागाला नैतिक मोल तें कोणतें?