काय टाकावें?

परभणी जिल्ह्यांतील चारठाणा येथील प्राचीन कोरीव स्तंभाचें छायाचित्र जेपेग पद्धतीनें लहान करतांना यंत्र त्याचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडतें आणि डोळ्यास सहसा न जाणवणारा बारीक तपशील कायमचा टाकून देतें. यामागील गणितक्रिया नासिर अहमद प्रभृतींनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केली. कोणी म्हणेल, न दिसणारें गेलें तर बिघडलें काय? परंतु आज नजरेंतून निसटणारी छिन्नीची रेघ उद्यांच्या संशोधकाचा एकमेव पुरावा ठरूं शकेल; दगड तर झिजतच असतो. टाकणें हा दोष नव्हे. काय टाकलें हें लपविणें हा दोष होय. १९९१ पासून उपलब्ध असलेल्या मुक्त आज्ञावलींत टाकण्याचा नियम कोणासही वाचतां येतो. तथापि नियम कळल्यानें गेलेली रेघ परत येत नाहीं. म्हणून मूळ प्रत राखणें हेंही कर्तव्यच.