जांभई कोणाची?

मराठीत जांभई येते आणि जांभई दिलीही जाते. हिंदी भाषक ती 'घेतात', आपण 'देतो'. संस्कृत 'जृम्भा'पासून उतरलेल्या या शब्दाच्या दोन क्रियापदांत, आमच्या मते, एक नैतिक प्रश्न दडला आहे. येते ती देहाला. पण देतो म्हटले की कर्ता आला, आणि कर्ता आला की दोषही त्याच्या पदरी घालता येतो.

माणसाच्या देहातून घडणारी प्रत्येक क्रिया मानवी कृती नसते, हा संत थॉमस अक्वायनस यांचा भेद आम्हांस सेमिनरीत शिकविला गेला. विचारात गढलेला मनुष्य नकळत दाढी खाजवतो, हे त्यांचेच उदाहरण. तेथे संकल्प नाही, म्हणून पापपुण्यही नाही. जांभई त्याच वर्गातली. (प्रवचन लांबल्यावर येणाऱ्या जांभईचा दोष कोणाचा, हा प्रश्न आम्ही येथे सोयीने टाळतो.)

तरीही जांभईला आळसाची खूण मानण्याची रीत जुनी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे तपस्वी इव्हाग्रिअस यांनी आत्म्याच्या मरगळीचे वर्णन करताना वाचता वाचता जांभया देणारा साधू रेखाटला आहे. त्यांच्याच दुसऱ्या लेखनात असा साधू पुनःपुन्हा सूर्याकडे पाहतो, दुपारचे तीन केव्हा वाजतील म्हणून. ती उपवास सोडण्याची वेळ. म्हणजे मरगळीच्या शेजारी भूकही उभी होतीच. पण साधूने ती स्वेच्छेने पत्करली होती. ज्यांनी पत्करली नाही त्यांचे काय?

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव १९९२-९३ साली महाराष्ट्राला कळले ते तेथील बालकांच्या कुपोषणाने झालेल्या मृत्यूंमुळे. शंभराहून अधिक मुले दगावल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. पालघर जिल्हा २०१४ साली झाला, त्यापूर्वी हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. नागली, वरई निघाली की या भागातील कितीतरी कुटुंबे आजही वीटभट्ट्यांवर जातात. पहाटेच्या अंधारात त्यांचे हात मातीत असतात. त्या विटांच्या घरांत राहणारे आपण 'ही माणसे आळशी' असे सहज बोलून जातो. वर्गात पेंगणाऱ्या, जांभया देणाऱ्या मुलाविषयीही आपला निकाल तोच. कुपोषित मूल आधी किरकिरते, मग निमूट होते. ही उदासीनता त्या आजाराचेच लक्षण आहे. तो काही त्याचा स्वभाव नव्हे.

जांभई एकाची दुसऱ्याला लागते हे सर्वांस ठाऊक आहे. २०११ साली इटलीतील दोन संशोधकांना आढळले, की ती नातलगांची सर्वांत जास्त लागते, मग मित्रांची, मग ओळखीच्यांची, आणि परक्यांची सर्वांत कमी. वांगणी आपल्याला किती परकी आहे, हे मोजायला दुसरे माप शोधण्याची गरज नाही.

त्रोवस येथे संत पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिले आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेच्या भाराने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलांनी त्याला बोल लावल्याचा उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत नाही. ते खाली गेले, त्याला कवटाळले, त्याच्यात प्राण आहे असे सांगितले, आणि वर येऊन भाकर मोडली.