चेहरा काढून घेतल्यावर

एवा युश्केविच ही पोलंडची चित्रकार. जन्म १९८४चा, ग्दान्स्कचा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतली युरोपीय स्त्रियांची व्यक्तिचित्रं समोर ठेवून ती आपली चित्रं रंगवते. रेशमाची झळाळी, लेसची जाळी, गळ्याखालचा उजेड, सगळं जुन्या तैलचित्रांच्या शिस्तीत. फक्त चेहरा नसतो. त्या जागी कधी कापडाची चुणीदार गुंडाळी असते, कधी केसांची वेणीफणी पुढच्या बाजूनेही चढत गेलेली, कधी पानाफुलांचा गच्च झुबका.

चित्रकार दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांवर वाढलेली आपली नजर आधी चेहरा शोधते. तो सापडला नाही की पहिला शब्द ओठांवर येतो तो गुदमरण्याचा. मला तो पटत नाही. गुदमरणाऱ्या माणसाचे खांदे वर चढतात, बोटं आवळली जातात. इथे खांदे सैल आहेत, बसण्यात डौल आहे. अंगाला काही झाल्याची खबरच नाही. भीती वाटते ती या शांतपणाची. चित्रकार माग्रितच्या १९२८च्या ‘प्रेमिक’ चित्रांतही डोकी कापडात गुंडाळलेली आहेत, पण ते कापड वरून पडल्यासारखं दिसतं. युश्केविचचं कापड कुणीतरी निगुतीनं नेसवलेलं असतं. चुणी चुणीवर बसवून, फीत बांधून, पोशाखाशी रंग जुळवून. झाकणं हाच इथे साजशृंगार आहे.

मग या बाईची ओळख पुसली कुणी? मूळ चित्रांकडे वळलं की उत्तर अवघड होतं. १७८७ साली पॅरिसच्या सलाँ प्रदर्शनात एलिझाबेथ विजे ल ब्रुँ या चित्रकर्तीनं मुलीला कवेत घेतलेलं स्वतःचं चित्र मांडलं. त्यात ओठ किंचित विलग होते, दात दिसत होते. एवढ्यावरून गहजब झाला. कुलीन स्त्रीनं असं हसायचं नसतं! मिटलेले ओठ, गुळगुळीत कपाळ आणि कुणालाही न दुखावणारी नजर हाही नेसवलेलाच चेहरा होता. युश्केविच त्या चेहऱ्यावर दुसरं आवरण चढवते, तेव्हा पहिलं दिसू लागतं.

तिची शीर्षकंही हेच करतात. ‘एका स्त्रीचं व्यक्तिचित्र (लुई-लेओपोल्ड ब्वायीवरून)’. चित्रकाराचं नाव राहतं, स्त्री ‘एक’ होते. २०१९चं हे चित्र २०२२मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १५ लाख डॉलरांच्या वर गेलं. झाकलेली बाईसुद्धा दिवाणखान्याची शोभा होऊ शकते, हा धोका या चित्रांना आहे आणि तो मला खरा वाटतो. चुण्या इतक्या देखण्या आहेत की डोळा तिथेच रमतो, प्रश्नापर्यंत पोचत नाही.

माझी सगळ्यात मोठी अडचण होते ती तिनं विजे ल ब्रुँवरून केलेल्या चित्रापाशी. पुरुषाच्या नजरेनं घडवलेला चेहरा झाकला, तर त्यात बंड वाचता येतं. पण इथे एका स्त्रीनं दुसऱ्या स्त्रीकडे पाहिलं होतं, समोर बसवून, तिच्याशी बोलत. ते पाहणंही कापडाखाली जातं. दरबारी रीतीबरोबर दोघींमधली ओळखही झाकावी लागली, ही किंमत मला जास्त वाटते. तिच्या चित्रांवर माझा जीव आहे, तरी इथे मी मूळ चित्राच्या बाजूनं उभा राहीन.