लुचणारे पिल्लू कुठल्या पंथाचे?

मांजरी मानगूट धरून उचलते तेव्हा पिल्लू पाय पोटाशी घेते आणि निपचित लोंबत राहते. माकडिणीच्या पिल्लाला ही चैन नाही. आई उडी मारत असताना तिच्या पोटाला घट्ट बिलगून राहण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागते.

देव जीवाला तारतो तो कसा, या प्रश्नावर श्रीवैष्णवांमध्ये जे दोन पंथ पडले, ते याच दोन पिल्लांवरून ओळखले जातात. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारे तेन्कलै मार्जारकिशोरन्याय सांगतात: भगवंत स्वतः उचलतो, जीवाने फक्त आडकाठी करू नये. वेदान्त देशिकांची (१२६८–१३६९) परंपरा चालवणारे वडकलै मर्कटकिशोरन्याय धरतात: कृपा त्याचीच, पण जीवाकडून शरण येण्याचे निमित्त तरी घडायला हवे. हा भेद कपाळावरच्या गंधापर्यंत पोचला. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात तर हत्तीला कुठल्या पंथाचे गंध लावायचे, यावरून प्रकरण कोर्टात गेले.

गंमत अशी की या सगळ्या वादात मांजराचे पिल्लू कायम आईच्या तोंडात लोंबतानाच दिसते. दूध पिताना त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

जन्मतः ते जेमतेम शंभर ग्रॅमचे असते. डोळे मिटलेले, कानही बंद. मांजरी कुशीवर आडवी होते, पिल्लांना चाटते, पण आचळ कुणाच्या तोंडात देत नाही. पिल्लू ऊब आणि वासाच्या मागाने पोटावर सरपटत येते. डोके डावी-उजवीकडे हलवत केसांत नाक खुपसते, ढुशा देते आणि आचळ सापडला की पुढचे पाय आळीपाळीने दाबत लुचू लागते. काही दिवसांत बरीच पिल्ले आपापला ठरावीक आचळ धरतात. त्यावरून रेटारेटीही होते. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये पहिल्या दिवसातच रक्तात शोषली जातात, त्यामुळे या धडपडीला उशीर परवडत नाही.

तेन्कलै पंडित म्हणेल, ऊब आईची, वास आईचा, लुचण्याची उपजत ओढही दिलेलीच. मग पिल्लाचे कर्तृत्व ते काय? मुद्दा बिनतोड वाटतो. तरीही गारठून सरपटायचेच थांबलेले पिल्लू दूध भरलेल्या आईशेजारी उपाशी राहते. अनाथ पिल्लालाही दूध पाजण्याआधी ऊब द्यावी लागते, कारण गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधल्या श्नायर्ला, रोझेनब्लाट आणि टोबाख यांनी १९६३ साली मांजरीच्या मातृत्वाचे तीन टप्पे मांडले. साधारण पहिले तीन आठवडे पाजण्याचा पुढाकार आईचा असतो: ती येऊन आडवी होते, आचळ मात्र पिल्लानेच शोधायचा. मग काही दिवस दोघांचा. महिना उलटला की पिल्लांनाच तिच्या मागे लागावे लागते. ती पोट दाबून बसते, नाहीतर उंचावर जाऊन बसते. याच सुमारास शिकार करणारी मांजरी पिल्लांसमोर उंदीर आणून टाकू लागते. दूध तोडणारी ही आई दोन्ही न्यायांत कुठेच नाही.

मार्जारन्याय उचलून नेण्यापुरता खरा आहे. भुकेच्या बाबतीत मात्र मांजराचे पिल्लूही वडकलैच ठरते.